अंगणातली पिकअप आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेलो की माझी महिंद्राची जुनी डीआय पिकअप मी अंगणातच, रविवार-रविवार करत, तीन वर्षांत उभी केली. मग काय, या महिन्यात सगळे प्रश्न पिकअपचेच. मिक्सर, पाण्याचा पंप, इन्व्हर्टरवाले थोडं थांबा, तुमचा नंबर पुढच्या महिन्यात. आणि आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही, वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं दुकान होतं त्यामुळं हात काळे करायची सवय आहे एवढंच.

प्रश्न : वडिलांची १९९४ ची टाटा मोबाइल २०६ पिकअप आहे. तिच्यावर टोमॅटो-कांदा वाहून त्यांनी आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं केली. ते गेल्यापासून ९ वर्षं गाडी गोठ्याशेजारी उभी आहे. आता ती घरीच पूर्ण नवी करायची आहे. मित्र म्हणतो सगळी खोल, चेसिसपर्यंत (खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत), मग एकेक नवं लावत जा. दिवाळीपर्यंत होईल का? सुरुवात कुठून करू? (संगमनेर)

दादा, मित्राला चहा पाजा आणि घरी पाठवा.

आमच्या गल्लीत एकानं मॅटाडोर टेम्पो असाच सगळा खोलला. केबिन एकीकडं, इंजिन पोत्याखाली, नटबोल्ट डालड्याच्या डब्यात, कुठल्या डब्यात काय हे त्याचं त्यालाच माहीत होतं आणि तेही पहिले दोन महिनेच. आज ११ वर्षं झाली, डबे तसेच आहेत. म्हणून माझा एकच हट्ट, एका वेळी एकच काम उघडं ठेवायचं. ब्रेक खोललेत तर ब्रेक पूर्ण बसेपर्यंत इंजिनला हात नाही, आणि रविवारी रात्री अवजारं आत टाकताना गाडी निदान ढकलून तरी हलली पाहिजे. असं केलं की काम रेंगाळलं तरी मरत नाही. आणि दिवाळी म्हणालात तर कुठली दिवाळी ते लिहिलं नाहीत ते बरं केलंत.

पाना हातात घ्यायच्या आधी कागद काढा. गाडी अजून वडिलांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१ असतो, तो भरा. गाडी उभी असली म्हणजे टॅक्सही उभा राहतो असं नाही, ती वापरात नसल्याचं आरटीओला वेळेत कळवलं नसेल तर थकबाकी निघते, ती किती ते आधी बघा, नाहीतर गाडी तयार आणि पैसे संपलेले अशी गत होते. मालवाहू गाडीचं फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी लागतं, आणि आपल्या राज्यात ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पर्यावरण कर वेगळा. आणि एक बारीक गोष्ट, चेसिस नंबर जिथं ठोकलाय ती जागा आत्ताच शोधा, कापडानं पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासून छाप घ्या आणि त्या जागेवर टेप लावून टाका. तिथं कुणी उत्साहात ग्राइंडर फिरवला आणि आकडे पुसले गेले तर मग तुमची गाडी कागदावर तुमची राहत नाही.

मग चेसिस. एक हातोडी आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली सरका (घोड्या म्हणजे लोखंडी स्टँड लावून हां, नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतोय). हातोडीनं टोकत जायचं, चांगलं लोखंड टणटण वाजतं आणि सडलेलं भद् वाजतं, कान दहा मिनिटांत तयार होतो. जिथं भद् वाजलं तिथं स्क्रू ड्रायव्हर रोवून बघा. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर, केबिनच्या रबराखालची जागा, बॅटरीच्या ट्रेखाली जिथं ॲसिड सांडत आलंय तो भाग, आणि जिथं हौदा, म्हणजे माल भरायचा मागचा भाग, चेसिसवर टेकतो ती पूर्ण लांबी, कारण तिथं माती आणि टोमॅटोचं पाणी अडकून बसतं. या जागी बोट आत गेलं तर घरी वेल्डिंग करू नका. घरी गेट बनवणारा माणूस चांगला असतो पण चेसिस म्हणजे गेट नव्हे. ट्रकच्या चेसिसचं काम रोज करणारा गाठा, तो पट्टी सरळ उभी कापून लावणार नाही, तिरकी किंवा शंकरपाळ्यासारखी कापून लावेल, म्हणजे सगळा ताण एका रेषेवर येत नाही. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडायला सांगा.

चेसिस पास झाली तर खरी मजा. तुमच्या २०६ चं इंजिन ४८३, म्हणजे ४ सिलेंडर आणि ८३ मिलिमीटर बोअर (सिलेंडरचा आतला व्यास), १९४८ सीसी. टाटांनी ही गाडी १९८८ ला काढली आणि सिएरा पुढं याच घराण्यात जन्मली. नंतरच्या २०७ डीआयला ४९७ इंजिन, ९७ चा बोअर, २९५६ सीसी. हे मुद्दाम सांगतोय कारण काउंटरवरचा पोरगा 'सगळं २०७ चंच लागतं' म्हणून हातात काहीही ठेवतो, तेव्हा आकडा सांगून भाग मागा. पुण्यात नाना पेठेत गेलात तर जुना भाग सोबत न्या, शेजारी ठेवून मापून घ्या.

९ वर्षं झोपलेल्या इंजिनला थेट सेल्फ (स्टार्टर) मारायचा नाही. बॅटरी तर लावूच नका अजून. आधी एअर फिल्टरचं झाकण उघडा. माझ्या गाडीत तिथं उंदरानं गोणपाटाचे धागे, ज्वारीचा भुसा आणि माझ्याच हरवलेल्या आरसी बुकाच्या प्लास्टिक कव्हरचे तुकडे घालून छान घर केलं होतं, सेल्फ मारला असता तर सगळं इंजिनच्या पोटात. मग खालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट अगदी हळू ढिला करा आणि पहिलं काय येतं ते बघा. ऑइलपेक्षा पाणी जड, त्यामुळं आत पाणी असेल तर तेच आधी येतं. पाणी आलं म्हणजे हेड गॅस्केट नाहीतर त्याहून वाईट काहीतरी, तिथं थांबून जाणत्याला बोलवा.

पाणी नसेल तर चारही हीटर प्लग काढा (या इंजिनला असतात, जुन्या डीआयला सहसा नसतात) आणि त्या भोकातून प्रत्येक सिलेंडरला दोन-दोन चमचे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) आणि डिझेल निम्मं-निम्मं सोडा. जास्त नको. दोन दिवस तसंच ठेवा, पैपाहुण्यांकडं जाऊन या. तिसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टला मोठा गोटीपाना लावून, प्लग काढलेलेच ठेवून, इंजिन फिरतं त्याच दिशेला हातानं फिरवा. सुरुवातीला जड, मग लोण्यात सुरी गेल्यासारखं हलतं तेव्हा जो आनंद होतो तो मला इथं लिहिता येणार नाही. पण फिरता फिरता एके जागी टक्कन् थांबलं तर लांब पाइप लावून जोर करू नका. व्हॉल्व्ह अडकून पिस्टनला लागत असेल, जोर केला तर वाकेल. दोन फेऱ्या हातानं पूर्ण झाल्या की मगच प्लग बसवायचे. आत तेल साचलेलं असताना प्लग बसवून सेल्फ मारला तर तेल दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

टाकी खाली उतरवा. डिझेल पेट्रोलइतकं लवकर नासत नाही पण तळाशी पाणी धरतं आणि त्या पाण्याच्या वर काळा बुळबुळीत थर येतो, जंतूच ते, फिल्टर दहा मिनिटांत चोंदवतात. टाकी धुवून घ्या, पण गळकी असली तरी रिकाम्या टाकीला वेल्डिंग किंवा ब्रेझिंग घरी नाही, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट फुटते. मग नवा फिल्टर, हातपंप मारत मारत फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून एअर काढा, बुडबुडे थांबून अखंड डिझेल आलं की कसा. इंजेक्टरचा पाइप ढिला करून फवारा बघायचा मोह होतो, बघा, पण बोट पुढं नेऊ नका, त्या दाबानं डिझेल कातडीच्या आत शिरतं, जखम दिसते टाचणीएवढी आणि बोट जायची वेळ येते.

आणि पहिल्यांदा चालू करताना एक माणूस सपाट फळी घेऊन इंजिनच्या हवेच्या तोंडापाशी उभा ठेवा. जुन्या पंपाची आतली दांडी कधी कधी अडकते आणि डिझेल इंजिन सुटतं, किंचाळायला लागतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. फळीनं हवा बंद केली की थांबतं. हात लावायचा नाही, फळीच.

ब्रेकचं यानंतर, पण इंजिन चालू झालं म्हणून गाडी गेटबाहेर काढायच्या आधी. उभ्या गाडीचे व्हील सिलेंडर हमखास जाम असतात, ते नवेच टाका, नुसतं आतल्या रबरांचं किट टाकून पैसे वाचवू नका. रबरी होज वरून चांगले दिसतात पण आतून फुगलेले असतात, पेडल दाबलं की तेल पुढं जातं आणि सोडलं की मागं येत नाही, चाक धरून बसतं आणि ड्रम तापतो. मी स्वतः हे होज 'बरे दिसतायत' म्हणून ठेवले आणि पहिल्याच फेरीत मागचं चाक एवढं तापलं की उतारावर धुरात उतरलो, बायको अजून सांगते पाहुण्यांना. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं म्हणून सील तोडलेला अर्धा डबा मागच्या वर्षीचा असेल तर टाकून द्या. मास्टर सिलेंडरवर लिहिलेला ब्रेक ऑइलचा डॉट नंबर बघून तेच भरा. इंजिन ऑइल किंवा जॅकचं तेल चुकूनही नाही, रबराच्या वाट्या फुगतात. आणि जुने ब्रेक शू असतील तर ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

रंगाचं विचारलं नाहीत, चांगलं झालं.

प्रश्न : समुद्रापासून दीड किलोमीटरवर राहतो. पिकअपच्या हौद्याचा पत्रा आणि केबिनचा तळ गंजलाय. एक जण म्हणतो पुट्टी मारून रंगवून टाका, दुसरा फायबर लाव म्हणतो, तिसरा म्हणतो बॅटरी चार्जरनं गंज निघतो. तिसरा चेष्टा करतोय का? (रत्नागिरी)

नाही, तिसराच बरोबर आहे, पण लहान भागांपुरता.

पुट्टीचं आधी संपवतो. पुट्टी पाणी पिते. गंजावर पुट्टी आणि वर चकचकीत रंग म्हणजे पहिल्या पावसाळ्यात फोड, दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रा, आणि तुमच्याकडं पावसाळा चार महिन्यांचा. पुट्टी ही साफ, घट्ट, प्रायमर मारलेल्या पत्र्यावरचा खळगा सपाट करायला, तीही दोन-तीन मिलिमीटर, पत्र्याच्या जागी पत्रा म्हणून नाही. जुनी गाडी विकत घेताना फ्रिजवरचं मॅग्नेट खिशात ठेवा, दरवाज्याच्या खालच्या कडेला लावून बघा, घसरून पडलं की समजायचं आत लोखंड कमी आणि पुट्टी जास्त. फायबरचंही तेच, सडका पत्रा खाली तसाच सडत राहतो फक्त दिसत नाही.

भोक पडलेला पत्रा कापायचाच, आणि गंज जिथं संपलाय असं वाटतं त्याच्या दोन बोटं पुढं कापायचा. केबिनच्या तळाचा तुकडा आधी पुठ्ठ्यावर बेतून घ्या, पुठ्ठा बसला की त्याच मापानं पत्रा. वेल्डिंगवाला एका टोकाकडून सलग ओढत निघाला तर थांबवा, पत्रा तापून लाटा येतात, एक टाका इथं, एक तिथं, गार होऊ द्यायचं, गोधडीला धावदोरा घालायच्या आधी टाचून घेतात तसं.

आता चार्जरवाली पद्धत. बिजागऱ्या, कड्या, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) साखळ्या, ब्रॅकेट असल्या गोष्टींसाठी याच्यासारखं स्वस्त काही नाही. प्लास्टिकचा ड्रम किंवा बादली घ्या, दहा लिटर पाण्याला दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा, खायचा सोडा नाही. भंगारातल्या साध्या लोखंडाची पट्टी एका बाजूला सोडून तिला चार्जरचा प्लस, आणि गंजलेला भाग तारेनं मधोमध टांगून त्याला मायनस. दोन्ही एकमेकांना टेकले नाही पाहिजेत. चार्जर जुना, जाड, गुं गुं करणारा हवा, नवे हुशार चार्जर बॅटरी दिसली नाही की चालूच होत नाहीत. अर्ध्या तासात भागावरून बारीक बुडबुडे आणि वर तपकिरी फेस येतो. रात्रभर ठेवा. सकाळी भाग काढला की गंजाचा काळा चिखल झालेला असतो, तारेच्या ब्रशनं घासला की खाली करडं लोखंड, बिजागरीवरचा कंपनीचा शिक्का सुद्धा वाचता येतो. उलटी वायर लावलीत तर मात्र पट्टी साफ होते आणि बिजागरी विरघळते, हे मी करून बघितलंय.

चार पथ्यं. हे उघड्यावर करायचं कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात, जवळ विडी-सिगारेट नाही आणि चिमटे लावताना-काढताना चार्जर बंद. स्टीलच्या भांड्याचा तुकडा प्लसला लावायचा नाही, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विष आहे. सोड्याऐवजी मीठ टाकायचं नाही, क्लोरीन निघतो. आणि पाटे, स्प्रिंग असल्या कडक स्टीलला ही पद्धत नको, हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतं.

साफ झालेलं लोखंड तुमच्या हवेत दुपारपर्यंत परत लालसर होईल, म्हणून धुवून, उन्हात किंवा हीट गननं वाळवून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. साधा प्रायमर मारून 'रंग दिवाळीनंतर' म्हणून ठेवू नका, साधा प्रायमर ओल आत सोडतो. हौद्याला वेगळंच एक औषध आहे ते म्हणजे पाणी जायची भोकं. तळाच्या कोपऱ्यातली भोकं मातीनं बुजलेली असतात, ती तारेनं मोकळी केलीत तर निम्मं काम झालं. मासळी वाहत असाल तर रोज संध्याकाळी गोड्या पाण्याचा पाइप, खालून सुद्धा.

प्रश्न : मिस्टर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जुन्या पिकअपला पीयू रंगाचा स्प्रे मारणार आहेत. कॉम्प्रेसर भाड्यानं आणलाय. मुलाला दम्याचा त्रास आहे म्हणून मी नको म्हणते तर म्हणतात एन ९५ मास्क आहे की. कोण बरोबर? (पुणे)

ताई, तुम्ही. आणि हे पान त्यांना वाचायला द्या.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, त्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, स्प्रेमधून त्याचे बारीक कण आणि वाफ हवेत जाते. एन ९५ धुळीचा मास्क आहे, वाफ अडवत नाही. आयसोसायनेटनं चांगल्या धडधाकट माणसाला दमा लागू शकतो, आणि एकदा शरीरानं ते धरलं की पुढं अगदी थोडा वास आला तरी छाती भरून येते. रंगाच्या बूथमधले लोक बाहेरून पाइपनं हवा येणारा मास्क घालतात ते हौस म्हणून नाही. ज्याला आधीच दमा आहे असं पोर त्या बिल्डिंगमध्ये राहतंय तर हा विषय तिथंच संपला. शिवाय थिनरची वाफ जड असते, पार्किंगच्या खोलगट भागात साचते आणि लिफ्टच्या पॅनेलची एक ठिणगी पुरते.

मिस्टरांची हौस मोडू नका पण. घासकाम, पॉलिश पेपर नंबर वाढवत पाण्यानं घासणं, मास्किंग, हे सगळं त्यांनी पार्किंगमध्ये करावं, रंगाच्या कामातले ऐंशी टक्के कष्ट तेच आहेत आणि रंगारी पैसेही त्याचेच घेतो. शेवटचे स्प्रेचे हात बूथवाल्याकडून. आणि हौद्याला तर स्प्रेची गरजच नाही, साधा सिंथेटिक इनॅमल ब्रशनं मारला तरी चालतो, तिथं नाहीतरी पोती घासणार आहेत.

प्रश्न : गाडी मूळची पांढरी आहे, मला मिलिटरी हिरवी करायची आहे, मोठे टायर टाकायचेत, आणि हौद्यावर झोपायची केबिन बांधून फिरायला जायचंय. लोक करतात, व्हिडिओ टाकतात. अडचण काय? (छत्रपती संभाजीनगर)

व्हिडिओ टाकणाऱ्याला आरटीओनं अडवलं तो व्हिडिओ तो टाकत नाही ही अडचण.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. रंगाचं त्यातल्या त्यात सोपं, आरसीवर रंग लिहिलेला असतो त्यामुळं आधी आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्यायची, मग रंगवायचं. पण ऑलिव्ह ग्रीन नको, तो रंग सैन्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. बाटली हिरवा घ्या, देखणा दिसतो.

मोठ्या टायरनं स्पीडोमीटर कमी दाखवतो, वळताना टायर मडगार्डला घासतो, ब्रेकवर जास्त भार येतो आणि फिटनेसला अडकतात ते वेगळंच. झोपायची केबिन कायमची वेल्ड केलीत तर तो बदल झाला. माझ्या गाडीत मी फोल्डिंगची लोखंडी खाट आणि ताडपत्री नेतो, दोऱ्यांनी बांधतो, सकाळी सोडतो, त्यात काही बेकायदा नाही आणि डासही तेवढेच चावतात. पिवळ्या पाटीची गाडी खासगी करता येते का असं तुम्ही शेवटी विचारलंय, ते गाडीच्या मॉडेलच्या मंजुरीवर आहे, एजंटला नाही, आरटीओच्या खिडकीवर लेखी विचारा आणि गाडीवर पैसे घालायच्या आधी विचारा.

प्रश्न : आजोबांची १९७० ची जीप पिकअप, खासगी नोंदणीची. विंटेजमध्ये बसेल का? (सातारा)

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झाली, गाडी खासगी वापराची आहे, तर बसू शकते. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं, आणि नव्यानं नोंदलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रोज बाजारात नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, डिझेल-पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही, त्यामुळं कुणी डिझेल इंजिन बसवून देतो म्हणाला तर आधी विचार करा. रोज चालवायची असेल तर विंटेजच्या नादी लागू नका, आहे तीच नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवत राहा.

प्रश्न : सगळी वायरिंग नवी केली तरी हेडलाइट मिणमिणते, आणि सेल्फ मारला की ॲक्सिलरेटरची केबल गरम होते! भूत आहे का गाडीत? (सोलापूर)

अर्थिंग आहे. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळं इंजिन ते चेसिस अशी एक जाड वेणीची पट्टी लागते, बहुतेक ती तुटलीय किंवा रंगावरच कसलीय. मग सेल्फचा सगळा करंट परत जायला वाट शोधतो आणि सापडते ती तुमची बिचारी केबल. ताबडतोब बघा, केबल वितळून आत अडकली तर पाय काढला तरी रेस कमी होणार नाही. पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून लोखंड चमकवा, घट्ट कसा, वरून ग्रीस. अशीच एक केबिन ते चेसिस. नव्या रंगाच्या गाडीला हा रोग जास्त, कारण आपण सगळीकडं प्रेमानं रंग मारलेला असतो.

प्रश्न : गाडीच्या मागच्या फाळक्यावर वडिलांनी १९९८ मध्ये पेंटरकडून लिहून घेतलेलं आहे, मधे 'आईचा आशीर्वाद', दोन्ही बाजूंना मोर आणि खाली 'हॉर्न ओके प्लीज'. पत्रा खालून सडलाय, बदलावा लागणार. आई म्हणते अक्षर जाऊ देऊ नको. काय करू? (जत, जि. सांगली)

आधी मोबाइलनं सरळ समोरून, सावलीत, मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. मग मोठा ट्रेसिंग पेपर फाळक्यावर टेपनं चिकटवा आणि आईलाच बसवा पेन्सिल घेऊन गिरवायला, मोराच्या पिसाऱ्यात किती डोळे आहेत ते तिला पाठ असणार. गिरवून झालं की त्या रेषांवरून सुईनं जवळ जवळ टोचे मारायचे. नवा फाळका रंगवून पूर्ण वाळला की तो कागद त्याच जागी लावून वरून कोळशाची किंवा खडूची बारीक पूड पुरचुंडीनं थोपटायची, टोच्यांतून ठिपके उतरतात. जुने साइन पेंटर हेच करायचे. डिजिटल फ्लेक्सनं त्यांचा धंदा नेला पण तालुक्याच्या गावी अजून एखादा सापडतो, बहुतेक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवत असतो. त्याच्याकडूनच ब्रश फिरवून घ्या, स्टिकर कापून लावू नका. रंग जुन्याशी जुळवताना फोटोवर भरवसा नको, फाळक्याचा एक न उडालेला कोपरा कापून सोबत न्या.

'हॉर्न ओके प्लीज' तेवढं गाळा, आपल्या राज्यात २०१५ पासून मालवाहू गाड्यांच्या मागं ते लिहायला बंदी आहे. त्या जागी काय लिहायचं ते आईला विचारा. आणि जुना फाळका भंगारात घालू नका, सडलेला खालचा भाग कापून टाका, कडा घासून घ्या, मागून इपॉक्सी प्रायमर मारा, आणि पडवीच्या भिंतीला दोन खिळ्यांवर टांगा, पावसाची झड येणार नाही अशा बाजूला.